फॅनफिक सुचवायची कशी? डार्सी-एलिझाबेथच्या प्रेमकथांपासून सुरुवात

‘काहीतरी छान रोमँटिक सुचव ना’ असा मेसेज आला की हात शिवशिवतात. आवडत्या फिक्सच्या, म्हणजे प्रसिद्ध कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या फॅनफिक कथांच्या, लिंका एकापाठोपाठ एक पाठवाव्यात, प्रत्येकीपुढे ‘वाचच!’ लिहावं आणि मैत्रिणीने रात्र जागून त्या संपवाव्यात, असं मनापासून वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. लिंका चॅटमध्ये वर सरकत जातात आणि दिसेनाशा होतात, कारण ‘वाचच’ यातून तिला काहीच कळलेलं नसतं. कथा किती चांगली आहे हे तुम्ही सांगितलंत. ती कुणासाठी चांगली आहे, हे सांगायचं राहिलं.

फॅनफिकच्या जगात नवीन असाल, दोनचार कथा वाचून झाल्या असतील आणि त्या कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घेतली आहे. कादंबरी १८१३ सालची, त्यामुळे तिच्यावर कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. तिचा नायक डार्सी आणि नायिका एलिझाबेथ यांच्यावर जगभरचे चाहते इतकं लिहीत आले आहेत की नव्या वाचकाला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. आपल्याकडे कुणी ती बी.ए.ला अभ्यासाला वाचलेली असते, कुणी १९९५ ची बीबीसीची मालिका पाहिलेली असते, कुणी २००५ चा सिनेमा. थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांना याच कादंबरीवर बेतलेली दूरदर्शनवरची ‘तृष्णा’ मालिकाही आठवत असेल. पाच मुली, लग्नाची चिंता करणारी आई आणि चांगल्या स्थळाची वाट पाहणारं घर, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

या फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. डार्सी आणि एलिझाबेथ एकत्र येणारच. वाचक येतो तो ते कसे येतात हे पाहायला. म्हणून रेक, म्हणजे शिफारस, लिहिताना गोष्ट सांगत बसू नका, वाट कशी आहे ते सांगा.

पहिली पायरी: तुम्हाला नेमकं काय आवडलं?

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ घेते आणि बहुतेक जण हीच गाळतात. कथा संपली की लगेच रेक लिहू नका. एक दिवस जाऊ द्या. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी परत जाऊन कोणता प्रसंग वाचला? आपण जे परत वाचतो, तेच आपल्याला आवडलेलं असतं, मग कथेचा मुख्य विषय काही का असेना.

प्रेमकथेत आवडण्यासारख्या गोष्टी खूप वेगवेगळ्या असतात. काही वाचकांना डार्सीचा पश्चात्ताप हवा असतो. हन्सफर्डला त्याने पहिल्यांदा लग्नाची मागणी घातल्यावर एलिझाबेथने त्याला तोंडावर सुनावलं, त्यानंतर तो आतून कसा ढवळून निघतो, हे ऑस्टेनने जवळजवळ सगळं पडद्याआड ठेवलं आहे, आणि ती जागा भरून काढणाऱ्या कथांसाठी हे वाचक जीव टाकतात. काहींना एलिझाबेथचं मन बदलताना पाहायचं असतं: कबुली नको, नुसती एक नजर, एक अडखळलेलं वाक्य पुरे. काहींना दोघांची जुगलबंदी हवी असते, डार्सीच्या मित्राच्या, नेदरफिल्डच्या घरातल्या दिवाणखान्यातल्यासारखी. आणि काहींना लग्नानंतरचं हवं असतं. डार्सीच्या घरचा, पेम्बर्लीतला पहिला हिवाळा, घरातली नोकरमाणसं, त्याच्या बहिणीशी, जॉर्जियानाशी हळूहळू जुळणारं नातं, एकमेकांच्या सवयींची ओळख. मी स्वतः या शेवटच्या गटातली आहे. दोन माणसं लग्नानंतर एकमेकांना कशी ओळखू लागतात, याहून जास्त रोमँटिक मला काही वाटत नाही.

आता समजा, तुम्हाला पश्चात्ताप आवडला आणि तुम्ही लिहिलंत ‘फार सुंदर प्रेमकथा’. जुगलबंदी हवी असलेली मैत्रीण ती उघडेल आणि पहिल्या पाच प्रकरणांत फक्त डार्सीचे उसासे वाचून बंद करेल. यात कथेचा काही दोष नाही आणि मैत्रिणीचाही नाही. ‘डार्सी आतून मोडतो आणि स्वतःला पुन्हा घडवतो, ते वाचायचं असेल तर ही’ असं एक वाक्य लिहिलं असतं तर ती कथा योग्य माणसापर्यंत पोचली असती.

दुसरी पायरी: कथेला फाटा कुठे फुटतो?

ऑस्टेनवरच्या बहुतांश फॅनफिक ‘असं झालं असतं तर?’ या प्रश्नावर उभ्या असतात. चाहते त्यांना व्हेरिएशन म्हणतात. मूळ कथेपासून वाट कुठे वेगळी होते, हे सांगणं म्हणजे स्पॉइलर नव्हे. उलट वाचक कथा निवडतो तोच त्यावरून. काही फाटे पुन्हा पुन्हा भेटतात. नेदरफिल्डला दोघं अशा परिस्थितीत सापडतात की बदनामी टाळण्यासाठी लग्न करावंच लागतं. एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट लवकर जातात आणि त्यांचं लाँगबर्नचं घर वारसदार कॉलिन्सच्या ताब्यात जातं. हन्सफर्डला एलिझाबेथ नकाराऐवजी होकार देते, मन नसताना. नकारानंतर डार्सीने लिहिलेलं खुलाशाचं पत्र तिच्या हाती पोचतच नाही, किंवा भलत्याच माणसाच्या हाती लागतं. धाकटी बहीण लिडिया पळून गेल्याची थोरल्या जेनची पत्रं प्रवासात असलेल्या एलिझाबेथला लॅम्टनला आणखी उशिरा पोचतात. मूळ कादंबरीतही त्यांतलं एक पत्र पत्ता नीट न लिहिल्यामुळे रखडलेलं असतं, म्हणून हा शेवटचा फाटा मला विशेष हुशारीचा वाटतो: ऑस्टेनने उघडं ठेवलेलं दारच लेखक वापरतो.

फाटा सांगा आणि थांबा. त्यापुढची वळणं, विशेषतः दुसऱ्यांदा मागणी घालण्याचा प्रसंग, सांगू नका. हन्सफर्डनंतर डार्सी पुन्हा कधी आणि कसा बोलतो, हे प्रत्येक लेखकाला नव्याने सोडवावं लागतं. सगळा आनंद तिथे साठलेला असतो.

जिला रेक देताय तिने मूळ काय वाचलं किंवा पाहिलं आहे, हेही इथेच विचारा. तळ्यातून ओलाचिंब बाहेर आलेला डार्सी कादंबरीत कुठेच नाही. तो १९९५ च्या मालिकेतला. भर पावसात घातलेली मागणी आणि एलिझाबेथला बग्गीत चढवल्यावर डार्सीने ताणलेली बोटं ही २००५ च्या सिनेमातली. कादंबरीत ती मागणी हन्सफर्डच्या घरात, बंद खोलीत घडते. काही फिक्स या दृश्यांवरच उभ्या असतात. फक्त पुस्तक वाचलेल्या माणसाला त्यातला अर्धा गोडवा कळणार नाही, म्हणून ‘ही सिनेमावरून आहे’ एवढं लिहायला विसरू नका. आणि ‘मॉडर्न एयू’ असेल, म्हणजे हीच माणसं आजच्या ऑफिसात किंवा कॉलेजात असतील, तर ते पहिल्याच वाक्यात यायला हवं. ज्यांना रीजन्सी काळ (ऑस्टेनचा काळ), पत्रं आणि नाचाचे बॉलच हवे असतात, त्यांना मोबाइलवर मेसेज करणारा डार्सी अजिबात चालत नाही.

तिसरी पायरी: पानावरच्या खुणा वाचायला शिका

इंग्रजी फॅनफिकचा मोठा साठा आज ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर आहे. सगळे त्याला एओथ्री म्हणतात. २००७ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था ते चालवते. २००९ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि फँटसीच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवकांवर चालतं. प्रत्येक कथेच्या माथ्यावर माहितीची चौकट असते. नवा वाचक ती ओलांडून थेट कथेत शिरतो. रेक देणाऱ्याने मात्र ती ओळ न ओळ वाचावी.

जोडीच्या टॅगमध्ये, म्हणजे कथेला लावलेल्या लेबलमध्ये, दोन नावांच्या मध्ये ‘/’ असेल तर प्रेमाचं नातं, ‘&’ असेल तर मैत्री किंवा घरातलं नातं. प्रेमकथा म्हणून पाठवलेल्या फिकमध्ये फक्त ‘&’ निघाला, तर समोरची मैत्रीण शेवटपर्यंत वाट पाहत बसेल.

रेटिंग: जनरल, टीन, मॅच्युअर, एक्सप्लिसिट. काही लेखक रेटिंग देतच नाहीत, आणि त्याचा अर्थ ‘साधी कथा’ असा होत नाही. रेटिंग तुमच्या रेकमध्ये आलंच पाहिजे. बरेच जण लोकलमध्ये, खांद्याला खांदा लावून उभे असताना फोनवर वाचतात. घरातल्या मुलांच्या हातातही तोच फोन असतो. एक्सप्लिसिट कथा अठराखालच्या कुणाला सुचवू नका, आणि ज्या ग्रुपमध्ये सगळ्यांची वयं माहीत नाहीत तिथे टाकू नका.

इशाऱ्यांच्या ओळीत सर्वांत जास्त गोंधळ होतो. तिथे चार ठरलेले इशारे असतात: रक्तरंजित हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा असंमत संबंध, आणि अल्पवयीन व्यक्तीचे लैंगिक संबंध. त्यांच्याबरोबर आणखी दोन पर्याय दिसतात. एकाचा अर्थ ‘यांपैकी काहीही कथेत नाही’. दुसऱ्याचा अर्थ ‘लेखकाने इशारा द्यायचा नाही असं ठरवलं आहे’. दुसरा दिसला तर कथेत काहीही असू शकतं. तुम्ही ती वाचली आहे, म्हणून काय आहे ते सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आणि टॅगमध्ये न मावणाऱ्या गोष्टी फक्त माणूसच सांगू शकतो. मिस्टर बेनेट वारतात त्या कथेला ‘मुख्य पात्राचा मृत्यू’ हा इशारा असेलच असं नाही, कारण ते मुख्य पात्र आहेत की नाहीत हे लेखक ठरवतो. पण नुकतेच वडील गेलेल्या मैत्रिणीला ती कथा न सांगता पाठवू नये. बळजबरीच्या लग्नाचा फाटा लोकप्रिय आहे, मलाही आवडतो, पण त्या लग्नात एलिझाबेथच्या इच्छेला किती जागा आहे, डार्सी थांबतो की नाही, हे एका वाक्यात सांगायलाच हवं. काही कथांमध्ये एखाद्या पात्राचा इतका तिरस्कार भरलेला असतो की चाहते त्याला बॅशिंग म्हणतात: डार्सीवर डोळा असलेली कॅरोलाइन राक्षसीण, एलिझाबेथची आई मिसेस बेनेट निव्वळ दुष्ट, मैत्रीण शार्लट मतलबी. शार्लटवर माझा फार जीव आहे. सत्ताविसाव्या वर्षी, हातात पैसा नसताना, तिने कॉलिन्सशी लग्नाचा जो व्यवहार केला तो तिने डोळे उघडे ठेवून केला होता. तिची खिल्ली उडवणारी कथा मला न सांगता कुणी पाठवली तर मी दुखावते. तुमच्या मैत्रिणीचंही असंच कुणीतरी लाडकं असेल.

शेवटी आकडे. प्रकरणांच्या जागी ‘२०/२०’ असेल तर कथा पूर्ण आहे, ‘१४/?’ असेल तर अजून लिहिली जात आहे. अपूर्ण कथा सुचवू नये असं मुळीच नाही, पण ते सांगून सुचवा आणि शेवटचं प्रकरण कधी आलं तेही पाहा. कुडोजच्या, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांच्या, संख्येवर मात्र फार विसंबू नका. एक वाचक एका कथेला एकदाच कुडोज देऊ शकतो, मग कथा एका पानाची असो की साठ प्रकरणांची. शिवाय जुन्या कथेला ते जमवायला जास्त वर्षं मिळालेली असतात. काल आलेली, थोडे कुडोज असलेली कथा तुम्ही सुचवलीत, तर तिला खरोखर वाचक मिळतो. रेक देण्यातलं सर्वांत मोठं सुख माझ्या मते हेच आहे.

चौथी पायरी: आधी विचारा, मग निवडा

दोन प्रश्न पुरतात. ‘रडायचंय की सुखात झोपायचंय?’ आणि ‘किती वेळ आहे?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून अँग्स्ट (मनाला पीळ पाडणारं) द्यायचा की हलकंफुलकं ते ठरतं. दुसऱ्यावरून एकाच प्रकरणाची वनशॉट की लाखभर शब्दांची, प्रेम हळूहळू फुलणारी स्लो बर्न, ते.

पहिल्यांदाच फॅनफिक वाचणाऱ्या माणसाला पूर्ण झालेली, छोटी आणि मूळ पुस्तकाच्या जवळची कथा द्या. कादंबरीतल्याच एखाद्या प्रसंगाची दुसरी बाजू असेल तर उत्तम, उदाहरणार्थ हन्सफर्डचं पत्र लिहिण्यात गेलेली डार्सीची रात्र. लांबलचक, दहा फाटे असलेली कथा कितीही आवडती असली तरी ती नंतर. आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकासाठी इंग्रजी किती जड आहे तेही लिहा. काही लेखक ऑस्टेनसारखी लांब, वळणावळणाची वाक्यं लिहितात, काही साधं आजचं इंग्रजी. ‘भाषा सोपी आहे, एका बैठकीत होईल’ एवढ्या आश्वासनावर अनेक जण वाचायला धजावतात.

एका वेळी एक कथा द्या. फार तर तीन, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात.

पाचवी पायरी: चारपाच वाक्यांत लिहा

खालची कथा मी नमुन्यापुरती कल्पिली आहे. अशी रेक कशी दिसेल ते पाहा:

‘हन्सफर्डला एलिझाबेथ डार्सीला नकार देते, पण दुसऱ्या दिवशीचं पत्र तिला मिळत नाही, ते शार्लटला सापडतं. पुढे वर्षभर शार्लट त्या गुपिताचं काय करते, यावर कथा उभी आहे. रीजन्सी काळ, पूर्ण, साधारण चाळीस हजार शब्द, रेटिंग टीन, चुंबनापुढे काही नाही. मधल्या भागात मिस्टर बेनेट आजारी पडतात, पण बरे होतात. शार्लटला मान देणारी कथा हवी असेल तर ही. दोघांची जुगलबंदी हवी असेल तर थांब, त्यासाठी दुसरी आहे माझ्याकडे.’

यात पहिल्या वाक्यात फाटा आहे, दुसऱ्यात ओढ, मग लांबी आणि रेटिंग, मग एखादी दुखरी जागा, आणि शेवटी कुणासाठी व कुणासाठी नाही. ‘थांब’ हे वाक्य लिहायला जड जातं, कारण आवडत्या कथेला नाही म्हणतोय असं वाटतं. तरी लिहा. तुमच्या पुढच्या प्रत्येक रेकवर मैत्रीण विश्वास ठेवेल तो त्याच वाक्यामुळे.

‘सर्वोत्तम’, ‘आयुष्य बदलून टाकणारी’ हे शब्द टाळा. त्यांच्या जागी कथेतली एखादी बारीक गोष्ट सांगा: पेम्बर्लीच्या ग्रंथालयात एलिझाबेथने उघडं ठेवलेलं पुस्तक डार्सी बंद करत नाही, असं काहीतरी. अशा एका तपशिलाने वाचक लगेच खेचला जातो.

सहावी पायरी: पाठवताना

लिंक नेहमी कथेच्या पहिल्या पानाची द्या, मधल्या प्रकरणाची नको. मधल्या प्रकरणात उडी मारून आलेल्या वाचकाची सुरुवातीची माहिती आणि लेखकाची टीप सहज सुटते. नावाशेजारी कुलपाची खूण असेल तर ती कथा फक्त खातं असलेल्यांना दिसते. एओथ्रीवर खातं निमंत्रणाने मिळतं आणि त्यासाठी रांग असते, म्हणून तेही आधी सांगा. अशा कुलूपबंद कथेचे स्क्रीनशॉट उघड्यावर टाकू नका. लेखकाने कुलूप विचार करून लावलेलं असतं.

एओथ्री ईपब, पीडीएफ अशा स्वरूपांत कथा उतरवून घेऊ देतं. ती प्रत स्वतःच्या वाचनासाठी. ग्रुपमध्ये फाइल फिरवली की लेखकाला वाचक दिसत नाही, प्रतिक्रिया मिळत नाही, आणि त्याने उद्या कथा काढून घ्यायची ठरवली तरी तुमची फाइल फिरतच राहते. लिंकच द्या.

आवडत्या कथा साठवायला तिथलीच बुकमार्कची सोय वापरा. बुकमार्क करताना ‘रेक’ अशी खूण करता येते, स्वतःचे टॅग आणि टीप लिहिता येते, आणि नंतर फक्त रेक केलेल्या कथा वेगळ्या काढता येतात. मात्र उघड्या बुकमार्कवरची टीप लेखकही वाचू शकतो. ‘मधे रटाळ, तीन तारे’ असं तिथे लिहिलंत तर ते त्याच्यापर्यंत पोचेल, आणि त्याने हे सगळं एक पैसाही न घेता लिहिलेलं असतं. अशा टिपा खासगी बुकमार्कमध्ये ठेवा.

ऑस्टेनच्या फॅन्डममध्ये कथा नाहीशा होण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. मूळ कादंबरी कॉपीराइटमुक्त असल्याने लेखक आपली फिक पुस्तक म्हणून विकू शकतात. बरेच जण ती अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड योजनेत टाकतात आणि त्या योजनेची अट अशी की ई-पुस्तक इतरत्र कुठेही उपलब्ध नसावं. मग फुकट वाचायला मिळणारी आवृत्ती काढून घेतली जाते. म्हणून प्रत्येक रेकबरोबर कथेचं आणि लेखकाचं नाव लिहून ठेवा, नुसती लिंक नको. जुनी रेक पुन्हा कुणाला देण्याआधी लिंक उघडून पाहा. कथा काढली असेल तर ती विकत मिळते का ते शोधा आणि तसं सांगा.

मैत्रिणीने कथा वाचली आणि तिला आवडली, तर तिला लेखकाच्या पानावर दोन ओळी लिहायला सांगा. इंग्रजी नीट जमत नाही म्हणून अनेक जण गप्प राहतात. कोणता प्रसंग आवडला एवढं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी पुरतं. तुमच्या रेकवरून ती कथेपर्यंत आली हेही तिला लिहू द्या. नाही आवडली, तर कुठे सोडली ते विचारा: कितव्या प्रकरणात, कोणत्या प्रसंगाला. त्या उत्तरावरून पुढची कथा निवडणं सोपं जातं.